एका वस्तीतून एकच

९ ऑगस्ट

टिटवे,

पुस्तकाचं पुडकं परत आलं. मी मारलेली गाठसुद्धा तशीच. वर पत्ता तुझ्या अक्षरात, आणि पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव. म्हणजे आईला पुस्तक परत करायलाही तुला बाबांच्या आड लपावं लागतं. एवढा राग आहे तर धड स्वतःचं नाव तरी टाकायचंस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि सोडून देतेस, ते मला इकडे दिसतं. म्हणून आता कागद. फाडायचा म्हटला तरी हातात घ्यावा लागेल.

तुझ्या बाबांकडून काही कळेल ही आशा मी सोडली आहे. तुझं नाव काढलं की त्यांना खोकला येतो. पोरगी जेवते का? जेवते. काट्यावर बसते का? बसते. माझ्याबद्दल काही बोलते का? की लगेच खोकला, आणि मग डंपरचा क्लच कसा बिघडलाय ते सांगत बसतात. एवढंच कळलं की खाणीच्या फाटकावर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये, माझ्या खुर्चीत आता तू बसतेस आणि दगडाच्या ट्रकांचं वजन करतेस.

आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस की आईनं माझी जागा लाटली. लाटली काय? मग नीट आठव. माझा अर्ज कोणी भरला? तू. शाळेची शेवटची परीक्षा मी तुझ्याबरोबर दिली, तीही तूच हात धुऊन मागे लागलीस म्हणून. मग विद्यापीठाच्या मुलाखतीला एकटीनं जायची तुला धास्ती. 'आई, तूही अर्ज कर ना, अर्ज केला की बोलावतातच सगळ्यांना, एका गावच्यांना एकाच दिवशी बोलावतात.' मी म्हटलं चल, तेवढीच सोबत. आत गेल्यावर तुझी दातखीळ बसली. मी गेले आणि मला बोलणं थांबवता येईना. उभं आयुष्य ट्रकवाल्यांशी हुज्जत घातलेली बाई मी, टेबलामागे पाच माणसं बसली म्हणून काय गप्प बसणार होते?

मग फोन आला. एका वस्तीतून एकच घेतो, तुम्हाला घेतोय, येणार का? मी हो म्हटलं. चोरून नाही म्हटलं, स्वयंपाकघरात तुझ्यासमोर म्हटलं. तेव्हा तू काय म्हणालीस ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. 'तुला तिथे शिकून करायचंय काय?'

हे मला जन्मभर सगळ्यांनी विचारलं. वडिलांनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं, खाणीच्या मुकादमानं तर हसत विचारलं. तुझ्या तोंडून ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

असो. इथे मी काही सुखात नाहीये, तेवढं तरी समाधान असू दे तुला. वसतिगृहात मला वरची खाट मिळाली आहे. या वयात शिडी चढून झोपायला जाते. खालच्या खाटेवर कुठल्याशा तळ्याकाठची एक पोर आहे, मला काकू म्हणते आणि झोपेत बडबडते. आंघोळीला गरम पाणी पहिल्या चौघींना मिळतं. करारांचा कायदा शिकवणारे सर इतकं हळू बोलतात की पुढच्या बाकावर बसल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून मी पुढच्या बाकावर बसते, दुसरं काही कारण नाही.

कायद्याचं ते पुस्तक पुन्हा पाठवते आहे. दुसरं प्रकरण आधी वाच, पहिल्यात नुसतं चऱ्हाट आहे.

आई


३० ऑगस्ट

टिटवे,

पुस्तक परत आलेलं नाही. वाचतेस की रद्दीत दिलंस, ते बाबांनी खोकून सांगितलं.

आज माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे, आणि ती तुझ्यामुळे नाही. म्हणून लिहिते.

इथे मुख्य इमारतीत शिरल्या शिरल्या भिंतभर नकाशा आहे. जिथून जिथून एखादा विद्यार्थी आला आहे, तिथे एक बारका दिवा लागलेला. आपल्या वस्तीचाही लागला आहे, अगदी वरच्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा, खरं सांगते, मला भरून आलं होतं. आपली वस्ती मी कुठल्या नकाशात पाहिलीच नव्हती. पाहुणे आले की त्यांना या भिंतीसमोर उभं करतात आणि किती दिवे आहेत ते अभिमानानं सांगतात.

हा सगळा कारभार सर्वसमावेशन कक्षाचा. तिथल्या प्रमुख बाईंना मी मनात साखरबाई म्हणते. बोलताना माझा हात हातात घेतात. मी कशी आहे, जेवण आवडतं का, जिने चढवतात का, सगळी चौकशी. आणि दर आठवड्याला फोटो. मी आणि तळ्यावाली आणि अशीच आठ-दहा जणं, ज्यांच्या ठिकाणाहून एकेकच आलेत. आम्हाला हिरवळीवर बसवतात, हातात पुस्तकं देतात आणि हसायला सांगतात. परवा मला दिलेलं पुस्तक कीटकांवरचं होतं.

आज मी त्यांना विचारलं, की माझी मुलगीही मुलाखतीला आली होती, तिचे गुण माझ्यापेक्षा चांगले आहेत, मग तिलाही का नाही घेत? त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, 'ताई, तुमच्या वस्तीतून आता एक आहे ना. दोघी आल्या म्हणून काही दोन दिवे लागणार नाहीत.'

मी म्हटलं, 'माझ्या वर्गात या शहरातल्या एकाच गल्लीतली चौघं आहेत. एका शाळेतली, एका शिकवणीतली. रोज एका गाडीतून येतात. त्यांना कोणी म्हणालं का, तुमच्या गल्लीतून एक आलाय, आता बस?'

तर म्हणतात, 'ती मुलं गुणांवर येतात.'

मग मी कशावर आले? आणि तुझे गुण काय भिजत घातलेत? तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात फोटोवाला आला आणि त्या मला म्हणाल्या, 'हं, आता छान हसा.'

हसले गं. त्याचाच जास्त राग येतोय.

आई


२१ सप्टेंबर

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन शब्द. 'जागा सोड.' पुढे तुझं नावही नाही. आपली टिटवी, जिच्या बडबडीनं शेजारची म्हातारी भिंत ठोकायची, तिच्याकडे आईसाठी दोनच शब्द उरलेत.

बरं, आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. साखरबाई त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. म्हणाल्या, 'तुम्हाला एवढंच वाटत असेल तर तुम्ही जागा सोडा, मग तिला बोलावता येईल. यादीत तुमच्यानंतर तीच आहे.' एवढं सरळ. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू हेच दोन शब्द धाडले असतेस. तू न कळताच धाडलेस.

तुझं पत्र आल्यावर मी कक्षात गेले. जागा सोडण्याचा कागद त्यांनी लगेच काढून दिला, पेन दिलं, चहा मागवला. मी बसले. चहा प्यायला, कागद वाचला. करारांचे सर म्हणतात की सहीआधी शेवटचं कलमही वाचा, ते वाचलं. मग कागद परत दिला आणि वर्गावर गेले, कारण तास सुरू होणार होता.

मी सही केलेली नाही. करणारही नाही. घे, लिहून टाकलं.

आता तू म्हणशील, कसली आई ही. सगळ्या आया मुलांसाठी जागा सोडतात. सोडत असतील. मी पण सोडल्यात. दहावीनंतर शाळा सोडली, कारण धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. लग्नानंतर शिवणाचा वर्ग सोडला, कारण सासूबाईंना आवडत नव्हतं. तू झालीस तेव्हा नर्सिंगचा नंबर लागला होता, तो सोडला. ते मी आनंदानं सोडलं, त्याबद्दल तुझ्यावर काही नाही. पण प्रत्येक वेळी लोक म्हणाले, किती शहाणी मुलगी. एकानंही म्हटलं नाही, की थांब, हिलाही हवं असेल.

मला हवं आहे, टिटवे. इथे सुख नाही वगैरे मी लिहिलं, ते सगळं खोटं. खाट उंच आहे, ते खरं. पण सकाळी जिना उतरताना मला कधी एकदा वर्गात जाते असं होतं. मागच्या आठवड्यात वर्गात खोटा खटला भरवला. घरमालक आणि भाडेकरू. मी भाडेकरूची वकील. त्या गल्लीतल्या चौघांपैकी एक घरमालकाचा वकील, बोलतो असा की शब्दांना कोणी इस्त्री केली आहे. मी त्याला तीन प्रश्न विचारले आणि त्याची बोबडी वळली. सर हळू आवाजातच म्हणाले, 'बाई, आपण कुठे होतात इतकी वर्षं?' मी म्हटलं, काट्यावर. सगळे हसले. मी पण हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

तर मी जागा सोडणार नाही. तुला दुसरी मिळायला हवी. ती मिळवून द्यायचा प्रयत्न करते आहे, माझ्या पद्धतीनं. तू रुसून बस.

आई


१४ ऑक्टोबर

टिटवे,

माझी पद्धत काय ते आज इथल्या सगळ्यांना कळलं.

बाहेरून मोठी माणसं आली होती, विद्यापीठाला दर्जा ठरवून देणारी. आमच्या प्रत्येकाला नकाशाच्या भिंतीपाशी उभं राहून एकेक वाक्य बोलायचं होतं. वाक्यं आधीच ठरवलेली. माझं होतं, 'माझ्या वस्तीतून इथवर येणारी मी पहिली.' ते शंभर टक्के खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण साखरबाई म्हणाल्या, 'ताई, तुम्ही खाणीवर घालता तसेच कपडे घालून या ना.' मी म्हटलं, खाणीवर मी तुमच्यासारखेच कपडे घालते, वर फक्त धूळ असते. धूळ आणू का? त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

माझी पाळी आली. मी वाक्य म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर मी हलले नाही. म्हटलं, 'आणखी एक सांगायचंय. पहिली मी, आणि दुसरी माझी मुलगी. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत. ती खाणीच्या काट्यावर बसली आहे, कारण आमच्या वस्तीचा दिवा लागून गेलाय. तुम्ही इथे मुलं मोजत नाही, ठिकाणं मोजता. प्रत्येक ठिकाणचा एक आणून ठेवला की तुमचं काम झालं. आमच्या वस्तीत अजून तीसेक पोरं आहेत शाळेत. त्यांनी काय आता मी मरायची वाट बघायची?'

शेवटचं जरा जास्त झालं. तोंडातून गेलं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मी पण ओरडले असते. पाहुण्यांतल्या एका गृहस्थानं मान हलवली आणि वहीत काही लिहिलं. साखरबाई पुढे झाल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'असं मोकळेपणानं बोलता येतं, हेच आमच्या विद्यापीठाचं वैशिष्ट्य.' परत टाळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं भांडणसुद्धा त्यांनी फुलदाणीत लावून ठेवलं.

पाहुणे गेल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला नाही. म्हणाल्या, 'तुमची जागा दर सत्राला कक्षाच्या शिफारशीवर पुढे चालते, हे तुम्ही विसरलात का?' मी म्हटलं, विसरले नव्हते. खरं तर विसरले होते.

खोलीवर आले तर तळ्यावाली सामान बांधत होती. तिनं दुसरी खोली मागून घेतली आहे. मान खाली घालून म्हणाली, 'काकू, तुमचं बरोबर होतं. पण मला इथे अजून चार वर्षं काढायची आहेत.' मी तिला दोरी बांधायला मदत केली. तिच्यावर कसली रागावू? तुझ्याएवढी आहे.

हे सगळं तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. निम्मं तुझ्यासाठी, निम्मं माझा संताप.

आई


२ डिसेंबर

टिटवे,

हे तुला त्यांच्याकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून घाईत लिहिते.

कक्षानं माझी शिफारस केली नाही. परीक्षेत मी वर्गात तिसरी आले, तरी नाही. कारण दिलंय की मी 'प्रतिनिधी म्हणून अनुकूल नाही'. प्रतिनिधी. मी विद्यार्थिनी म्हणून आले होते. करारांचे सर स्वतः कक्षात जाऊन भांडले, माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला म्हणे, पण उपयोग झाला नाही.

सत्र संपलं की मला खोली सोडायची आहे. आणि आपल्या वस्तीची जागा मोकळी झाली, म्हणून ते तुला बोलावणार आहेत. या आठवड्यात तुला फोन येईल.

तू नाही म्हण, असं मी तुला सांगणार नाही. हो म्हण, असंही सांगणार नाही. दोन्हीतलं काही माझ्या तोंडून यायचं नाही, आणि मला ते खोटं खोटं म्हणायचंही नाही. तू नाही म्हणालीस तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला लाज वाटेल. इतकं खरं मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

फक्त एक. फोन बाबांना उचलायला लावू नकोस. स्वतः उचल.

आई


१८ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र आलं. चार पानी. चला, बोबडे बोल तरी फुटले.

मी केबिनमध्ये बसून लिहिते आहे. ट्रकांची रांग लागली आहे आणि पुढचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. वाजवू दे.

तू हो म्हणालीस. बाबा सांगत होते, की एक क्षणही थांबली नाहीस, साखरबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालीस. हे सांगताना ते इतके खोकले की मीच पाणी दिलं. मी घरी पोचले त्या दिवशी तू निघालीस. फाटकाशी आपण दोघी समोरासमोर आलो, तुझ्या हातात माझीच जुनी बॅग. तू थांबलीस. मी सरळ आत गेले. आता तू लिहितेस की त्या वेळी तुला काहीतरी बोलायचं होतं. मला ऐकायचं नव्हतं. मी रागावले होते, आणि अजून आहे, आणि पुढेही बरेच दिवस असेन. हे तुला माहीत असलेलं बरं.

पण चार पानांत तू सहा वेळा माफी मागितली आहेस, ते बंद कर. मी तुझी मागितली होती का? फोन आला तेव्हा मीही एक क्षण थांबले नव्हते. तू माझीच मुलगी आहेस, दुसऱ्या कोणाची वाटत नाहीस. मला राग येतो तो याचा, की एका घरातल्या दोघींना त्यांनी एकाच खुर्चीभोवती झोंबायला लावलं आणि वर आपापसात काय ते ठरवा म्हणाले. खोल्या तिथे रिकाम्या आहेत. वर्गात मागची बाकं रिकामी आहेत. मी पाहिली आहेत.

तू लिहितेस, की साखरबाईंनी तुला बजावलं, 'आईसारखं करू नकोस.' करू नकोस. माझ्यासारखं करून मला काय मिळालं ते तू बघतेसच. पण हिरवळीवर बसवून हस म्हणाले, तर हसू नकोस, एवढं करता येईल. सरांच्या तासाला पुढे बस. घरमालक-भाडेकरूचा खटला पुढच्या महिन्यात पुन्हा होईल. त्या इस्त्रीवाल्याला भाडेपावतीचं विचार, तिथे तो कच्चा आहे.

आणि तुझा प्रश्न. तू लिहितेस, 'आई, तू आता काय करणार?' सहा माफ्यांपेक्षा हे एक वाक्य मला आवडलं. 'शिकून काय करणार' असं नाही, नुसतं 'काय करणार'.

मी अर्ज केला आहे. त्याच विद्यापीठात, त्याच वस्तीतून, पुढच्या वर्षासाठी. या वेळी स्वतः भरला. बाबांना दाखवला तर ते म्हणाले, 'अगं, तिथे आता आपली पोरगी आहे, दुसरं घेत नाहीत.' खोकल्याशिवाय बोलले. मी म्हटलं, अर्ज केलेल्या सगळ्यांना मुलाखतीला बोलावतात, हा त्यांचाच नियम आहे. बोलावलं आहे. एप्रिलमध्ये.

तीच खोली असेल, टेबलामागे तीच पाच माणसं. आणि ते म्हणतील, 'बाई, तुमच्या वस्तीतून एक आहे आमच्याकडे.'

मी म्हणेन, माहीत आहे, मीच जन्माला घातलं तिला. आता दुसरी घ्या.

आई